मॅनिकिन महाग, काम कागदाचं: हँडओव्हर सिम्युलेशनच्या साहित्याचं परीक्षण

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना पेशंटचा ओव्हर, म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती, द्यायला-घ्यायला शिकवण्यासाठी जे साहित्य विकत मिळतं, त्यातली सगळ्यात महाग वस्तू याच कामाला सगळ्यात कमी उपयोगी पडते. ती म्हणजे श्वास घेणारा, घाम येणारा, बोलणारा मॅनिकिन, म्हणजे माणसाच्या आकाराचा सरावाचा पुतळा. आणि ज्या वस्तूवर सगळं अवलंबून असतं ती पेशंटची फाइल तयार संचांत बहुतेक वेळा दोन पानांत उरकलेली असते.

इथे पाच पर्याय पाहिले आहेत: संगणकावर चालणारा मॅनिकिन, साधा मॅनिकिन आणि टॅबलेटवरचा मॉनिटर, पेशंटची भूमिका करणारा प्रशिक्षित माणूस, पडद्यावरचा आभासी पेशंट आणि विद्यार्थ्यांनी आपापसांत केलेला भूमिकाभिनय. त्यांच्यासोबत येणारी, ओव्हरचे मथळे क्रमाने लिहिलेली कार्डं, गुणपत्रकं आणि रेकॉर्डिंगची साधनंही तपासली आहेत. कसोटी एकच आहे: ओव्हर संपल्यावर घेणारीने पुढच्या दहा मिनिटांत पेशंटसाठी काय केलं? देणारीने कार्डावरचे सगळे मथळे म्हटले का, हे मोजायला सोपं असतं, म्हणून जिथे तिथे तेच मोजलं जातं. पण मथळे पाठ असलेली मुलगी चार मिनिटं न अडखळता बोलते, समोरची मान डोलावते आणि नऊ वाजता ॲलर्जी असलेलं औषध टोचायला निघते. असा ओव्हर गुणपत्रकात पास आणि वॉर्डात नापास होतो.

मॅनिकिन: मोठा की साधा

सिममॅन ३जी हा मोठ्या वर्गातला ओळखीचा नमुना. छाती वरखाली होते, नाडी लागते, डोळ्यांच्या बाहुल्या उजेडाला प्रतिसाद देतात, घाम येतो, रक्त वाहतं, दिलेलं औषध ओळखलं जातं. कार्डियाक अरेस्ट किंवा शॉकच्या सरावात यातलं प्रत्येक वैशिष्ट्य कामाला येतं. हँडओव्हरच्या तीन-चार मिनिटांत मात्र दोघींची नजर फाइलवर आणि एकमेकींवर असते. मॅनिकिन बाजूला घाम गाळत पडलेला असतो आणि त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

अडचणी दोन. त्याला चालवायला एक माणूस संगणकावर बांधला जातो. निरीक्षण करणाऱ्या शिक्षिकेनेच ते काम घेतलं तर ऐकायचं राहून जातं, आणि या सरावात ऐकण्याखेरीज करण्यासारखं फारसं काही नसतं. दुसरी अडचण जास्त नडते. प्रसंग सुरू करताना नाडी, रक्तदाब वगैरे आकडे फाइलप्रमाणे भरले नाहीत, तर यंत्र निरोगी माणसाचे आकडे दाखवत राहतं. फाइलमध्ये नाडी १०६ आणि मॉनिटरवर ८० असेल तर विद्यार्थिनी मॉनिटरवर विश्वास ठेवते, आणि ते योग्यच आहे. मग प्रसंगाची वाटच चुकते. म्हणून विद्यार्थी आत येण्यापूर्वी एकीने फाइलमधले शेवटचे आकडे मोठ्याने वाचायचे आणि दुसरीने पडद्यावर बोट ठेवून ताडून पाहायचे. दोन मिनिटांचं काम आहे.

साधा, न हलणारा मॅनिकिन आणि टॅबलेटवर मॉनिटरचं ॲप ही जोडी हँडओव्हरसाठी जास्त चांगली ठरते. सिममॉनसारख्या ॲपमध्ये एका उपकरणावर मॉनिटर दिसतो आणि दुसऱ्यावरून आकडे बदलता येतात, म्हणजे शिक्षिका कोपऱ्यात उभी राहून एका हाताने सगळं सांभाळते. या जोडीचं खरं बळ मात्र मॅनिकिनच्या अंगावर काय लावलं आहे त्यात असतं. हातावर तारीख घातलेला आयव्ही कॅन्युला, ३५० मिली उरलेली सलाईनची बाटली आणि तिच्यावर वेळेची पट्टी. युरोबॅगमध्ये, म्हणजे लघवीच्या पिशवीत, गडद पिवळा रंग टाकलेलं १०० मिली पाणी. ड्रेनच्या (पोटातलं पाणी-रक्त बाहेर काढणाऱ्या नळीच्या) बाटलीत १८० मिली फिकट लाल पाणी. ड्रेसिंगवर डाग, त्या डागाभोवती पेनाने ओढलेली रेघ आणि रेघेशेजारी वेळ. मनगटावर ओळखपट्टी, ॲलर्जीची वेगळ्या रंगाची पट्टी. हे सगळं मांडायला साधारण वीस मिनिटं लागतात. युरोबॅगकडे नजर टाकणारी आणि न टाकणारी यांतला फरक या मांडणीमुळे डोळ्यांना दिसतो. महागड्या यंत्रातही तो दिसावा म्हणून हेच सगळं वेगळं लावावंच लागतं.

एक पथ्य पाळायचं. अंगावरच्या वस्तू आणि फाइल यांत विसंगती ठेवायची तर ती ठरवून. नकळत राहिलेली विसंगती विद्यार्थी आधी पकडतात आणि डिब्रीफिंगचा, म्हणजे सरावानंतरच्या चर्चेचा, अर्धा वेळ त्या वादात जातो.

फाइल

इथे हात आखडता घेऊ नये. विकत मिळणाऱ्या प्रसंगांच्या संचात पाहायची पहिली गोष्ट ही: देणारीचा आणि घेणारीचा कागद वेगळा आहे का? बहुतेक संचांत देणारीसाठी तयार संवाद असतो आणि घेणारीसाठी काहीच नसतं. तो संवाद वाचून दाखवला की पाठांतराची परीक्षा होते, ओव्हरची होत नाही. माहितीच्या ढिगातून काय उचलायचं हे देणारीनेच ठरवायला हवं, म्हणून तिच्या हाती संवाद नको, ढीग द्यायचा.

चांगली फाइल कशी असते, याचा एक नमुना. पेशंट ६२ वर्षांचा, वजन ७० किलो, मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूची शस्त्रक्रिया होऊन दुसरा दिवस. मधुमेह आहे. पेनिसिलिनची ॲलर्जी: पूर्वी अंगावर पित्त उठलं होतं आणि श्वास लागला होता. लघवीची नळी आणि पोटात ड्रेन. ड्यूटी बदलते रात्री ८ वाजता. फाइल हाताने लिहिलेली, पानं आठ ते दहा. यात एकूण २६ बाबी पेरायच्या: ८ अत्यावश्यक, ८ उपयोगी आणि १० निव्वळ भरताड. भरताडात पंधरा वर्षांपूर्वीचं हर्नियाचं ऑपरेशन, भेटायला आलेला भाऊ, उशीची तक्रार, कवळी कुठे ठेवली आहे ही टीप. (कवळीची टीप उपयोगी की भरताड, यावर विद्यार्थ्यांमध्ये हमखास वाद होतो. होऊ द्यावा.)

अत्यावश्यक बाबी कशा पेरायच्या, यात कसब आहे. लघवीच्या नोंदी शेवटच्या चार तासांच्या: ३५, ३०, २०, १५ मिली. बेरीज लिहायची नाही. दर किलोला तासाला ०.५ मिली हा किमान हिशोब धरला तर या पेशंटची लघवी चार तासांत १४० मिली हवी. झाली आहे १००. ज्या विद्यार्थिनी ‘कॅथेटर आहे, युरिन होतेय’ एवढंच सांगतात, त्यांनी नोंदी वाचलेल्या असतात पण जोडलेल्या नसतात.

औषधांच्या चार्टवर रात्री ९ चं नवं अँटिबायोटिक लिहायचं. पहिल्या-दुसऱ्या वर्षासाठी अमॉक्सिसिलिन पुरे. शेवटच्या वर्षासाठी को-ॲमॉक्सिक्लॅव किंवा पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम ठेवावं, म्हणजे ही पेनिसिलिनच्याच गटातली औषधं आहेत हे डोक्यात असावं लागतं. ॲलर्जी पहिल्या पानावर आणि औषध सातव्या पानावर. दोन्ही बाबी ओव्हरमध्ये सांगितल्या जातात, पण एकमेकींशी न जोडता, मध्ये दीड मिनिटाचं अंतर ठेवून. घेणारीच्या कागदावरही त्या दोन कोपऱ्यांत पडतात. हा या प्रसंगातला सगळ्यात बोलका क्षण असतो, आणि तो डिब्रीफिंगमध्ये कागद दाखवूनच समजावता येतो.

तिसरी पेरणी: संध्याकाळी ६ च्या एनोक्सापॅरिनचा (रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या इंजेक्शनचा) रकाना कोरा. दिलं आणि सही राहिली, की दिलंच नाही? देणारीच्या माहितीकार्डावर ‘दिलं, ६ वाजून १० मिनिटांनी’ असं लिहिलेलं असतं. ती ते आपण होऊन सांगते का, आणि न सांगितल्यास घेणारी विचारते का? न विचारता दुसरा डोस दिला तर रक्तस्रावाचा धोका, टाळला तर रक्ताच्या गुठळीचा.

चौथी बाब फाइलमध्ये मुळीच नसावी. संध्याकाळच्या राउंडला सर्जनने देणारीला तोंडी सांगितलेलं असतं: ड्रेनमध्ये ताजं रक्त दिसलं किंवा तासाला १०० मिलीच्या वर गेलं तर रात्री कधीही फोन करा. हे फक्त तिच्या कार्डावर. ओव्हरमध्ये सुटलं की ते कायमचं गेलं, कारण फाइल उघडूनही सापडणार नाही. तोंडी सूचना चार्टवर का नोंदवली गेली नाही, हा प्रश्न इथून आपोआप निघतो.

शेवटी आकडे. संध्याकाळी ७:३० ची नोंद: नाडी १०६, वरचा रक्तदाब १०८, श्वास २०, तापमान ३८.०, ऑक्सिजन ९५ टक्के, ऑक्सिजन लावलेला नाही, शुद्ध पूर्ण. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये सुधारलेल्या न्यूज२ तक्त्यात, म्हणजे पेशंट किती बिघडतोय ते अशा आकड्यांवरून गुणांत मोजणाऱ्या तक्त्यात, याचे गुण होतात ३. ओव्हर संपून चार मिनिटं झाली की मॉनिटरवर आकडे बदलायचे: नाडी ११२, रक्तदाब १०४, श्वास २२, तापमान ३८.१, ऑक्सिजन ९४. एकही आकडा एकटा पाहिला तर घाबरवणारा नाही. गुण मात्र ३ वरून थेट ७ वर जातात, आणि ७ म्हणजे तातडीने टीम बोलवायची पातळी. ‘व्हायटल्स स्टेबल’ (नाडी, रक्तदाब वगैरे ठीक) हे दोन शब्द ओव्हरमध्ये किती घातक ठरू शकतात, हे या बदलातून जितकं कळतं तितकं व्याख्यानातून कळत नाही. कारण ३ गुणांच्या वेळीही आधीच्या नोंदींच्या तुलनेत सगळे आकडे एकाच दिशेने सरकत होते. ती दिशा सांगायची राहून जाते.

घेणारी कोण

शिक्षिकेने घेणारीची भूमिका करू नये. ही सूट बहुतेक ठिकाणी सोयीसाठी घेतली जाते आणि सरावाचा निम्मा भाग तिथेच संपतो. शिक्षिकेसमोर विद्यार्थिनी तोंडी परीक्षा देते. शिक्षिकेला सगळं माहीत आहे हे गृहीत धरून वाक्यं अर्धी सोडते. शिवाय ऐकणं, मध्ये प्रश्न विचारणं, ऐकलेलं परत म्हणून दाखवणं ही कौशल्यं मग कोणाच्याच वाट्याला येत नाहीत.

घेणारी विद्यार्थिनीच हवी आणि तिने प्रसंग वाचलेला नसावा. तिच्या हाती फक्त कोरा ओव्हरचा कागद, आणि एवढीच माहिती की ती दोन दिवसांच्या सुट्टीनंतर ड्यूटीवर आली आहे. मग भूमिका बदलायच्या तर तितक्याच वजनाचा दुसरा प्रसंग लागतो. एकच प्रसंग असलेला संच घेण्यात त्यामुळे अर्थ नाही.

ओव्हर झाल्यावर घेणारी पेशंटजवळ जाते. फाइल खाटेपाशी ठेवायची नाही. खोलीच्या दुसऱ्या टोकाला टेबलावर असू द्यावी. मागायला मनाई नसावी, पण उठून जावं लागावं. भिंतीवरचं घड्याळ पाचव्या मिनिटाला ८:५० वर सरकवायचं आणि औषधांचा ट्रे आत आणायचा. आता नोंदवायचं काय? युरोबॅगकडे पहिली नजर कधी गेली, व्हायटल्स स्वतः घेतल्या का, अँटिबायोटिक थांबवलं का, एनोक्सापॅरिनची खात्री केली का, फोन केला तर त्यात काय सांगितलं. प्रत्येक कृतीपुढे एक खूण: हे ओव्हरमधून कळलं, फाइलमधून, की पेशंटकडे पाहून? ही खूण करायला एक निरीक्षक वेगळी बसवावी. ती नसेल तर हुशार घेणारी वाईट ओव्हर झाकून टाकते आणि देणारीला आपण छान बोललो असं वाटत राहतं.

सहा जणींचा गट सोयीचा. दोघी मुख्य, एक नातेवाईक, तिघी निरीक्षक: एक सांगितलेल्या बाबींवर खुणा करणारी, एक फक्त प्रश्न आणि परत म्हणून दाखवणं टिपणारी, एक वर सांगितलेली. आठच्या वर गेल्यास मागच्या दोघी मोबाइलमध्ये जातात.

व्यत्यय घालायचे ते दुसऱ्या फेरीत: चाळिसाव्या सेकंदाला फोन, दीड मिनिटाने नातेवाइकाचा प्रश्न. व्यत्ययानंतर देणारी कुठून सुरू करते ते पाहावं. बहुतेक जणी तुटलेल्या वाक्याच्या पुढून सुरू करतात, आणि तुटलेलं वाक्यच हरवतं. पहिल्याच फेरीत व्यत्यय घातला तर मात्र चूक रचनेची की गोंधळाची, हे सांगता येत नाही.

कार्डं आणि नमुने

एसबार (परिस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यमापन, शिफारस) हा बोलण्याचा क्रम मूळचा अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांमधला. कैसर पर्मनंटे या अमेरिकी आरोग्यसंस्थेने तो आरोग्यसेवेत रुळवला. एका पेशंटच्या एका अडचणीसाठी डॉक्टरांना फोन करायचा तर त्याच्याइतकं नेटकं काही नाही. आयसबारमध्ये सुरुवातीला ओळखीची पायरी जोडली जाते, आणि ती शिकाऊंसाठी घ्यावीच, कारण कोण बोलतंय आणि कोणत्या पेशंटबद्दल, हेच गडबडीत सुटतं. ड्यूटी बदलतानाच्या ओव्हरला मात्र एसबार अपुरा पडतो. राहिलेली कामं आणि ‘असं झालं तर असं करा’ हे नक्की कुठे सांगायचं, ते त्यात ठरलेलं नाही.

आय-पास या दुसऱ्या नमुन्यात आजाराची तीव्रता, पेशंटचा सारांश, कामांची यादी, संभाव्य धोके आणि त्यांची तयारी, आणि शेवटी घेणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत मांडलेला गोषवारा अशी पाच अंगं आहेत. शेवटचं अंग घेणारीला बोलायला लावतं, म्हणून वॉर्डाच्या ओव्हरला हा नमुना आम्ही वर ठेवतो. २०१४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात ९ रुग्णालयांत आय-पास लागू केल्यावर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोग्या हानीच्या घटना ३० टक्क्यांनी कमी झाल्या. हे आकडे कार्डाच्या जाहिरातीत वापरले जातात तेव्हा दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. तो अभ्यास निवासी डॉक्टरांवर होता. आणि तिथे नुसतं कार्ड वाटलं नव्हतं. प्रशिक्षण, प्रत्यक्ष निरीक्षण आणि अभिप्राय हे सगळं एकत्र होतं.

गळ्यात अडकवायचं लॅमिनेटेड कार्ड पहिल्या दोन फेऱ्यांना द्यावं, मग काढून घ्यावं. काढायची वेळ कधी आली ते सहज कळतं: विद्यार्थिनी ‘आता बॅकग्राउंड’ असं मथळा वाचून बोलू लागते. एसबारमध्ये कोणता भाग फुगतो तेही ठरलेलं असतं. पार्श्वभूमी दोन मिनिटं चालते आणि शेवटची शिफारस गळते, कारण आपण काय करायला हवं हे सांगायचा अधिकार आपल्याला नाही असं शिकाऊ मुलींना वाटतं. उपाय म्हणून एखादी फेरी उलटी घ्यावी: आधी शिफारस आणि राहिलेली कामं, मग त्यांना आधार देणारी माहिती. भरताड आपोआप गळतं.

माणूस, पडदा आणि आपापसांतला अभिनय

खाटेपाशी, पेशंटच्या समोर द्यायचा ओव्हर शिकवायचा असेल तर प्रशिक्षित माणसाला पर्याय नाही. मॅनिकिनच्या डोक्यावरून दोघी बिनदिक्कत बोलतात. जिवंत माणूस समोर असला की आवाज उतरतो, पडदा ओढला जातो, नाव घेऊन ओळख करून दिली जाते आणि कधीतरी पेशंट ‘पण ते इंजेक्शन मला दुपारी दिलंय’ असं म्हणतो. या वाक्यावर दोघी काय करतात, हाच धडा. भूमिका करणाऱ्याला दोन पानांची टिपणं पुरतात: विचारलं तर काय सांगायचं, न विचारता काय सांगायचं आणि काय विचारलं तरी सांगायचं नाही. तिसरा भाग बहुतेक जण विसरतात आणि प्रेमळ नट सगळी माहिती स्वतःच देऊन टाकतो. दुखण्याचा आकडाही ठरवून द्यावा, नाहीतर एका गटाला ४ आणि दुसऱ्याला ८ मिळतो. त्याचा रक्तदाब अर्थातच पाडता येत नाही. तेवढ्यासाठी टॅबलेटचा मॉनिटर शेजारी ठेवावा.

पडद्यावरचा आभासी पेशंट घरी सराव करायला बरा. माहितीची निवड आणि क्रम त्यावर चांगला घोटता येतो. प्रश्न मात्र यादीतून निवडायचे असतात, आणि यादी समोर आली की काय विचारावं हे सुचणं उरतच नाही. घेणारीच्या सरावाला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य.

आपापसांतला अभिनय सगळ्यात स्वस्त. दोघींनाही प्रसंग माहीत असला तर हसण्यात जातो. माहिती वाटून दिली तर चांगला चालतो. यातच एक साखळी-सराव बसवता येतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२ काल्पनिक पेशंटची माहिती लागोपाठ ५ ओव्हरमधून पुढे नेली. फक्त तोंडी सांगितल्यावर शेवटी २.५ टक्के माहिती उरली, सोबत टिपणं घेतल्यावर ८५.५ टक्के आणि छापील कागद दिल्यावर ९९ टक्के. वर्गात ४ पेशंट आणि ५ विद्यार्थिनी घेऊन हे चाळीस मिनिटांत करून पाहता येतं. पाचवीने सांगितलेलं आणि मूळ कागद फळ्यावर शेजारी लिहावं. काय गळलं त्याहून काय नव्याने तयार झालं ते जास्त चक्रावणारं असतं: बाजू बदलते, डोस बदलतो, ‘रिपोर्ट यायचाय’चं ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ होतं.

रेकॉर्डिंग आणि गुणपत्रक

कॅमेऱ्यावर खर्च करण्याआधी आवाजाकडे पाहावं. छतावरचा माइक पंख्याचा आवाज उत्तम पकडतो आणि खाली मान घालून फाइलकडे बघत बोलणाऱ्या मुलीचा पकडत नाही. दोघींच्या कॉलरला दोन छोटे माइक लावले की काम होतं. चित्र मोबाइलचंही चालतं. पूर्ण रेकॉर्डिंग दाखवू नये. निरीक्षकांनी तीन ठिकाणच्या वेळा लिहून ठेवाव्यात आणि तेवढेच वीस-तीस सेकंदांचे तुकडे पाहावेत. आधी संमती घ्यावी आणि पुसायची तारीख ठरवावी.

गुणपत्रकांचा दोष एकच पण मोठा आहे: सगळ्या बाबींना सारखं वजन. २० पैकी १८ बाबी सांगितल्या आणि ॲलर्जी राहिली तरी ९० टक्के. ८ अत्यावश्यक बाबी वेगळ्या रकान्यात हव्यात आणि त्यातली एक जरी सुटली आणि घेणारीनेही विचारली नाही तर फेरी पुन्हा, बाकी गुण काहीही असोत. देणारीचे आणि घेणारीचे गुण वेगळे न ठेवता दोघींचा मिळून निकाल लावावा. गुणपत्रक नवीन असेल तर दोन शिक्षिकांनी एकच रेकॉर्डिंग स्वतंत्रपणे तपासावं. ‘स्पष्टपणे सांगितलं’ अशा बाबींवर दोघींचं जमत नाही; ‘लघवीचा चार तासांचा आकडा सांगितला’ यावर जमतं.

डिब्रीफिंग

संचासोबत डिब्रीफिंगचे प्रश्न आले नसतील तर तो संच अर्धाच आहे. वेळेचं गणित असं ठेवावं: पूर्वसूचना १० मिनिटं, फाइल वाचन ८, ओव्हर ४, पुढची काळजी १०, डिब्रीफिंग ३०. काटछाट करायची झाल्यास ती इथून करू नये. पूर्वसूचनेत मॅनिकिनची त्वचा गारच लागेल, रंग विचारल्यावर सांगितला जाईल, या फेरीला गुण नाहीत, हे सगळं स्वच्छ सांगावं. फाइलमध्ये किती सापळे आहेत ते सांगू नये.

पर्ल्स ही २०१५ मध्ये मांडलेली डिब्रीफिंगची पद्धत चार टप्प्यांची आहे: प्रतिक्रिया, वर्णन, विश्लेषण, गोषवारा. हँडओव्हरसाठी ती नीट बसते, फक्त वर्णनाच्या टप्प्यात आधी घेणारीला बोलू द्यावं. प्रश्न असा: ओव्हर संपला तेव्हा तुझ्या डोक्यात हा पेशंट कसा होता, रात्री तुला कशाची काळजी वाटत होती? ती सांगते, ‘बरा होता, उद्या बहुतेक नळी काढतील.’ मग देणारीला विचारायचं की तिच्या डोक्यात कसा होता. ‘मला तो काही बरा वाटत नव्हता.’ मग हे वाक्य बोललं का गेलं नाही? उत्तर बहुतेक वेळा हेच येतं की त्याला आकडा नव्हता, नुसतं वाटत होतं. इथे शिक्षिकेने न्यूज२ चे ३ गुण आणि लघवीची बेरीज फळ्यावर मांडायची. नुसतं वाटण्यालाही आकडे होते.

सुरुवातच ‘काय काय राहिलं?’ या प्रश्नाने केली तर देणारी बचावाला उतरते, बाकीच्या याद्या वाचतात आणि घेणारीवर कोणी बोलतच नाही.

कोणी काय घ्यावं

मोठा मॅनिकिन आधीपासून असेल तर वापरावा, पण ओव्हरसाठी म्हणून नवा घेऊ नये. साधा मॅनिकिन, टॅबलेटवरचं ॲप, दोन कॉलर माइक आणि समान वजनाच्या दोन हस्तलिखित फाइली एवढ्यात वर्षभराचं काम होतं. खाटेपाशीचा ओव्हर अभ्यासक्रमात असेल तर वर्षातून दोन-तीनदा भूमिका करणारी माणसं आणावीत. तयार प्रसंगसंच घ्यायचाच असेल तर घेणारीचा वेगळा कागद, किमान दोन समान प्रसंग आणि ओव्हरनंतरच्या दहा मिनिटांचे मॉनिटरचे आकडे यांची विचारणा आधी करावी. तिन्ही नसतील तर स्वतः लिहिलेला प्रसंग बरा.

फाइली टिकत नाहीत, हे खर्चात धरावं. सकाळच्या तुकडीने जेवणाच्या सुट्टीत ‘पेनिसिलिन बघ’ एवढं सांगितलं की दुपारच्या तुकडीला प्रसंग फुकट जातो. म्हणून एका फाइलच्या तीन आवृत्त्या ठेवाव्यात: पेशंटचं नाव, खाट आणि ॲलर्जी बदललेली. एका आवृत्तीत ॲलर्जी सल्फाची असावी आणि अँटिबायोटिक निर्धोक. तिथे ऐकीव माहितीवर औषध थांबवणारी लगेच लक्षात येते. आवृत्ती बदलताना मनगटावरच्या दोन्ही पट्ट्या, औषधांचा चार्ट, सलाईनवरचं लेबल आणि देणारीचं कार्ड या पाचही ठिकाणी नाव बदललं का, ते पाहावं. सलाईनचं लेबल राहून जातं.